डावी पेटी

मोरू, तुझ्या शोकसभेनंतर लोकांनी कागदी बशांतून फरसाण खाल्लं. मीही खाल्लं. बोटांना शेवेचं तेल लागलं होतं, ते चाटून काढलं. आणि त्याच तोंडाने थोड्या वेळापूर्वी मी तुझ्याविषयी खोटं बोललो होतो.

वाचनालयाच्या हॉलमध्ये तुझा फोटो ठेवला होता. पंख्याच्या वाऱ्याने हार सरकायचा आणि तुझा एक डोळा झाकला जायचा. ज्यांना तू जन्मात कधी चहा पाजला नाहीस ते तुझ्या दिलदारपणावर बोलत होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतून कोणीतरी मागे वळून मला विचारलं, "अनंतराव, तुम्ही एवढे जवळचे. अडवलं नाहीत होय त्याला? या वयात असली गाडी, वर त्या पत्र्याच्या पेट्या?"

मी म्हणालो, "सांगून थकलो हो. मोरूने कधी कोणाचं ऐकलंय?"

लोक हळहळले. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी तो ठेवू दिला. तुझी लेक पल्लवी समोरच बसली होती. तिने माझं बोलणं ऐकलं आणि तुझ्या फोटोकडे पाहिलं, पुन्हा नापास होऊन आलेल्या मुलाकडे बघावं तसं.

म्हणून हे लिहितोय. गुरांच्या दवाखान्यात तू किती वर्षं काढलीस, कुठे कुठे बदली झाली, ते पेपरात आलंय आणि बरंचसं चुकीचं आलंय. ते मी दुरुस्त करत बसणार नाही. मला पेट्यांबद्दल लिहायचंय. त्या कोणी निवडल्या, आणि डावीत काय होतं.

ती गाडी तू निवृत्तीनंतर घेतलीस. उंच, गुडघ्याएवढ्या चाकांची मोटारसायकल, पुढे चोच असलेली. आख्ख्या डहाणूत तिला 'मोरूचा बगळा' म्हणत. सुनंदावहिनी पहिल्या दिवशी ओट्यावरून म्हणाल्या होत्या, "चढायला स्टूल आणू का?" तू चढलास. उतरताना मात्र स्टूल मागितलंस.

बेत कच्छचा होता. लोकांना तिथलं पांढरं रण बघायचं असतं, तुला म्हशी बघायच्या होत्या. तिकडच्या म्हशी रात्री आपल्या आपण चरायला जातात आणि सकाळी आपल्या आपण दारात येऊन उभ्या राहतात, असं तू कुठेतरी ऐकलं होतंस. नोकरीभर तू ते सांगत आलास. "अंत्या, माणसाला जमत नाही ते म्हैस करते. एकदा बघून यायचं." मी मागे बसणार होतो. मला गाडी चालवता येत नाही आणि एकट्याने जायला तुला आवडत नसे. हे दुसरं तू कधी बोलला नाहीस, पण मला ठाऊक होतं. त्याचा मी काय उपयोग केला ते पुढे येईलच.

सामानासाठी पेट्या हव्या होत्या. कापडी पिशव्या आपण दोघांनीही बाद केल्या. तू म्हणालास पावसाने भिजतात, मी म्हणालो कुत्री मुततात. इथवर एकमत होतं. मग आपण हायवेवरच्या त्या दुकानात गेलो, जिथे असल्या गाड्यांचे दागदागिने मिळतात, आणि तिथून पुढे आपलं जे भांडण जुंपलं ते अजून मिटलेलं नाही.

तुला प्लास्टिकच्या आवडल्या. अरुंद, कोपरे गोल, पुस्तकासारख्या बाजूने उघडणाऱ्या. मोठा धक्का बसला तर कडीतून निसटून बाजूला पडणाऱ्या. मला ॲल्युमिनियमच्या आवडल्या. चौकोनी, वरून उघडणाऱ्या, झाकणाला जाड रबर लावलेल्या. सगळा जन्म मी चिकूच्या पेट्या भरल्यात. माझ्या लेखी पेटी म्हणजे चार कोन आणि वर झाकण. बाजूने उघडते ती पेटी कसली, ते कपाट. रस्त्यात उघडलं की गंजीफ्रॉक आधी बाहेर पडणार. या एका बाबतीत मी आजही बरोबर आहे, मोरू. पेटी वरूनच उघडावी.

दुकानदाराने ॲल्युमिनियमच्या पेटीवर मूठ आपटून दाखवली. "काका, आ तो टँक छे, टँक. गाडी भंगारात जाईल, पेटीला काय नाय होणार."

तू म्हणालास, "तेच तर वाईट. पडल्यावर काहीतरी वाकायला पाहिजे. पेटी वाकली नाही तर कोण वाकणार?"

दुकानदार हसला. मीही त्याच्याबरोबर हसलो.

मग तू खिशातून सुतळी काढलीस. हँडलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलीस, गाठ मारलीस आणि तीच सुतळी मागून पेट्यांना लावलीस. प्लास्टिकच्या गाठीच्या आत बसल्या. माझ्या दोन्हीकडून बाहेर आल्या. "हँडल जिथून गेलं तिथून ढुंगण गेलं पाहिजे," तू म्हणालास. "मांजराच्या मिशा उगाच नसतात." एवढ्यावर थांबला नाहीस. दुकानातल्या गाडीवर बसलास, पाय जमिनीला टेकवलास आणि मला म्हणालास, "आता मागून ढकल." मी ढकललं. गाडी पुढे सरकली आणि पेटीची कड तुझ्या पोटरीला लागली. "बघ. चिखलात पाय टेकला आणि गाडी सरकली की ही पेटी पाय धरणार."

मी काय म्हणालो? "तू गाडी चालव रे, पाय कशाला टेकतोस?"

आणि मग मी माझं सामान सांगायला लागलो. घडीची खुर्ची, कारण मला मांडी घालून बसवत नाही. स्टोव्ह. गरम पाण्याची पिशवी. औषधं. उशी.

"उशी?"

"मला दुसऱ्याच्या उशीवर झोप येत नाही."

"अंत्या, तू कच्छला चाललायस की बाळंतपणाला?"

दुकानातली पोरं खदखदली. मला राग आला. म्हातारपणी चारचौघांत हसू झालं की माणूस किती कोता होतो ते मी तिथे दाखवलं. म्हणालो, "त्या एवढ्याशा डब्यात माझं सामान मावत नसेल तर तू एकटाच जा."

तू सुतळी बोटांना गुंडाळलीस. गाठ सोडवून मग खिशात टाकलीस. दुकानदाराला म्हणालास, "मोठ्या द्या."

मोरू, पेट्यांची निवड ही अशी झाली. सांगून मी थकलो नव्हतो, तू थकला होतास.

त्यावरही माझं समाधान नव्हतं. त्या पेट्या चावीने निघतात, कडी हातात धरून घरात नेता येतात. मी म्हणालो, नको, बोल्ट मारून पक्क्या करा. सायवनच्या, उधव्याच्या बाजारात चहाला थांबलो आणि कोणी काढून नेली तर? तेव्हा तू खरोखर चिडलास. "त्या पाड्यांतून मी आयुष्यभर लसीचा डबा ट्यूबच्या रबराने बांधून हिंडलो. गाडी झाडाखाली सोडून दिवस दिवस गोठ्यात असायचो. कोणी डब्याला हात लावला नाही. तुझ्या वाडीला तारेचं कुंपण आहे, तरी चिकू जातात." बोलणं खरं होतं. पण तू बोल्ट मारू दिलेस. पाना मी माझ्याकडे ठेवला, नीट जपून.

आता डावी पेटी.

आमच्या वाडीवर एक रीत आहे, तुला माहीत आहे, वाचणाऱ्यांना नसेल. पेटी भरली की दोन्ही हातांनी कानाशी धरून हलवायची. आत फळ हललं तर आवाज येतो. हललेला चिकू घासतो, घासलेला चिकू बाजारात पोचेपर्यंत काळा पडतो. म्हणून आवाज आला की पेटी उघडायची आणि फट भरायची, पेंढ्याने किंवा आणखी चिकूने, आवाज पूर्ण बंद होईपर्यंत. माझ्या बापाने हे शिकवलं आणि त्यातच माझा जन्म गेला.

कच्छच्या आधी सामानासकट एक फेरी मारून बघायची, असं तुझं म्हणणं. कासा, सायवन, उधवा आणि तलासरीवरून परत. त्या दिवशी सकाळी तू आंघोळीला गेलास आणि मी तुझ्या अंगणात पेट्या भरल्या. गाडीला पक्क्या असल्यामुळे कानाशी धरता येईनात, म्हणून मी गाडीच धरून हलवली. आत खुर्ची वाजली. स्टोव्ह वाजला. मला ते सहन होईना. वाडीवरून तोडलेले कच्चे चिकू मी आणलेच होते, वाटेत तुझ्या ओळखीच्या लोकांना द्यायला. ते मी फटीत भरू लागलो. उजव्या पेटीच्या मागून सायलेन्सर जातो, ती तापणार, तापली की चिकू वाटेतच मऊ होणार. म्हणून उजवीत उशी, कपडे, हलकंसलकं. चिकू सगळे डावीत. खुर्ची, स्टोव्ह आणि पानाही तिथेच, तळाला, आणि वरून फळ, आवाज थांबेपर्यंत. मग हात मारून झाकण बसवलं. मला फार बरं वाटलं. पेटी अजिबात वाजत नव्हती.

चिकूवाल्याने गाडी भरली, मोरू. असली चूक डहाणूच्या बाहेरचा माणूस करणार नाही.

तू केस पुसत बाहेर आलास आणि नुसतं विचारलंस, "भरलं?" मी म्हणालो, "टकाटक."

कासाला चहाला थांबलो तेव्हा तू गाडीभोवती एक फेरी मारलीस. "अंत्या, ही डावीकडे ओढतेय का रे?"

मी म्हणालो, "तुझं वय ओढतंय."

चहावाला हसला. तू पण हसलास. टाळीसाठी हात पुढे केलास. मी टाळी दिली.

लोक म्हणतात तू वेगात होतास. तुझ्या नावाने फोनवर फिरणाऱ्या मजकुरात तर तू वळणावर ट्रक चुकवलास. ट्रक नव्हता. वळणही नव्हतं. सायवनच्या पुढे मोरीचं काम चाललं होतं, रस्ता उकरून खडी टाकलेली. गाडी माणसाच्या चालीने चालली होती. कडेला एक बाई वासराला धरून उभी होती, वासराच्या तोंडाला फेस होता. तुला ते दिसलं आणि तू थांबलास. तू नाही थांबणार तर कोण थांबणार. डावा पाय टेकलास. खडी सरकली. गाडी डावीकडे कलली, आणि जी कलली ती थांबली नाही. एरवी तू ती मांडीने सावरली असतीस, मी तुला तसं सावरताना पाहिलंय. त्या दिवशी तिला सावरता येत नव्हतं, कारण एका बाजूला माझी वाडी भरलेली होती. पेटीची खालची कड तुझ्या पायावर आली आणि पाय दगडावर.

मी उजवीकडे उडी मारली. मला खरचटलंही नाही.

यापुढचं लिहिताना मला माझीच किळस येते. तू खाली अडकला होतास आणि मी पेटी उघडत होतो. पेटी काढली की पाय मोकळा होईल, बोल्ट काढायला पाना लागेल, पाना पेटीच्या तळाशी. झाकण उघडलं तसे चिकू बाहेर आले. गाडी आडवी, पेटी आडवी, चिकू उतारावरून टपाटप खाली. मी कोपरापर्यंत हात घालून पाना चाचपडत होतो. तू एकदाच म्हणालास, "अंत्या, राहू दे." वासरूवाली बाई ओरडली, "काय हुडकतोस, गाडी धर आधी!" तिने वासरू सोडलं, मोऱ्या बांधणारे दोघं धावत आले, आणि त्यांनी पेटीसकट गाडी उचलली. उचलता येत होती. मी हात लावला असता तर आधीच उचलली गेली असती.

जीप येईपर्यंत आसपासच्या पोरांनी चिकू वेचून नेले. मी नेऊ दिले. तेव्हाच मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो. रस्ता साफ झाला होता.

जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओठ पांढरे पडले होते आणि तरी तू डोळे उघडून म्हणालास, "चिकूचं बोलू नकोस हां. सुनंदा तुला घरात घेणार नाही." मग कासाला नेलं, तिथून पुढे पाठवलं, पायात सळई बसली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तू एकच सांगत राहिलास. पेट्या मीच निवडल्या. मीच भरल्या. माझीच मस्ती. पल्लवी वापीहून रजा टाकून आली होती. ती कॉटशी उभी राहून म्हणाली, "बाबा, आईचा विचार एकदा तरी करायचा." तू म्हणालास, "चुकलंच माझं." मी खुर्चीत बसून सफरचंद कापत होतो. कापत राहिलो.

घरी आल्यावर मी रोज सकाळी यायचो. तुला साखर, म्हणून चिकू वर्ज्य, तरी वहिनींसाठी पिशवी आणायचो. इतक्या वर्षांत तुझ्या घरी मी कधी रिकाम्या हाताने आलो नाही. वहिनी आत गेल्या की तू डोळा मारून विचारायचास, "सायवनचे पिकले असतील का रे? पोरांनी तांदळात घातले असतील." मी म्हणायचो, "गप." एवढंच आपण त्यावर बोललो. तू थट्टा करायचास ती मला सोडवायला की टोचायला, हे मी विचारलं नाही. विचारेन म्हणत होतो. तू काठी घेऊन अंगणापर्यंत चालायला लागलास, मला वाटलं आता वेळच वेळ आहे. मग एका सकाळी न्हाणीघराच्या वाटेवर तुला दम लागला आणि तू भिंत धरून खाली बसलास तो बसलासच. पायातली रक्ताची गाठ छातीत गेली, डॉक्टर म्हणाले. गावाने त्याचं भाषांतर केलं, मोरू हट्टाने मेला.

एकदा माझी गाय अडली होती तेव्हा तू भर दुपारी चिखलात आडवा पडून, खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवलं होतंस. मी वर उभा राहून सूचना देत होतो. वासरू बाहेर आल्यावर तू सगळ्यांना सांगितलंस, "अनंताने सांगितलं तसं केलं म्हणून वाचली." मी ते खरं मानलं, कितीतरी वर्षं. तुझी सवयच ती. चांगलं माझ्या नावावर, वाईट तुझ्या. मला सवय लागली ती घ्यायची.

आता त्या दुकानदाराचं. तू गेल्यावर त्याने तुझा फोटो सगळीकडे टाकला, बगळ्यावर बसलेला, पेट्या ठळक दिसतील असा. खाली काय लिहिलं होतं ते मी इथे लिहीत नाही, ओकारी येईल. अर्थ असा की स्वार गेला, पण आमच्या पेटीला पोचा आला नाही. त्यावर शेकडो लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मग मोठ्या गाड्या उडवणाऱ्या मंडळींनी ठरवलं की तुझ्या स्मरणार्थ फेरी काढायची आणि बगळा दुकानात काचेमागे ठेवायचा. पल्लवी म्हणाली, "घेऊन जा. मला ती गाडी डोळ्यांसमोर नको."

ते न्यायला आले त्या सकाळी मी तिथेच होतो. गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली, जशी टेम्पोतून आणली तशीच. दुकानदाराने ताडपत्री ओढली, पेट्यांवरून फडकं फिरवलं. "एकदम नवी! बोललो होतो ना, काका? आत हवा जाणार नाय, पाणी जाणार नाय." आणि पल्लवीकडून चावी घेऊन त्याने डाव्या पेटीचं झाकण उघडलं.

तो दोन पावलं मागे गेला. "अरे, अंदर शु मरी गयु? काय मेलंय?"

वास अंगणभर झाला. गोड, आंबट, कुजका, हातभट्टीजवळून जाताना येतो तसा. रबराने तो इतके दिवस नीट सांभाळला होता. खुर्ची आणि स्टोव्हच्या फटीत, तळाच्या कोपऱ्यात राहिलेले चिकू फुटून काळा रस झाला होता, वर बुरशीची लव, आणि त्या रसात माझा पाना.

पल्लवीने नाकाला ओढणी लावली. वाकून पाहिलं. "यात चिकू कुठून आले?"

तिने वाकूनच मान वळवली.

"बाबा चिकूला हात लावायचे नाहीत. काका?"

मोरू, माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. टेम्पोवाल्यांनी टाकले असतील. एवढं म्हणालो असतो तर तुझा शब्दही राहिला असता. तोच सोपा रस्ता होता आणि त्यावर तुझी सही होती. पण त्या रसात पाना दिसत होता. आणि ती वाकली होती अगदी तुझ्यासारखी, गुडघ्यांवर हात ठेवून, जनावराच्या तोंडात बघताना तू वाकायचास तशी.

मी सांगितलं. सुतळी, उशी, बोल्ट, सायलेन्सर, कासाचा चहा, सगळं. मध्ये थांबलो नाही. शोकसभेत काय बोललो आणि ते खोटं होतं, हेही.

पहिलं कोण बोललं असेल? दुकानदार. त्याचा चेहरा उजळला होता. "तरीच! लोड एक साइडला होता. मग पेटीचा तर काय दोषच नाय ना, काका?"

"चालते व्हा," पल्लवी म्हणाली. "गाडी राहू दे. तुम्ही चालते व्हा."

ते गेले. ती पेटीकडे बघत उभी राहिली. मग तिने आत हात घातला, त्या घाणीत, आणि पाना बाहेर काढून माझ्या पायाशी टाकला. "बाबांना मी कॉटवर काय काय बोलले," ती म्हणाली. माझ्याशी नव्हे. तुझ्याशी असावं. आणि घरात निघून गेली.

वहिनी मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"डावीकडे काय भरलंय, ते यांना आधी ठाऊक होतं?"

"नाही. कासाला विचारलं त्याने. मी चेष्टा केली."

त्या आत गेल्या. मी पाना उचलला, बोल्ट काढले आणि पेटी खाली उतरवली, कारण तिथे उभं राहून दुसरं काही करता येत नव्हतं. विहिरीवर नेऊन ती घासली. वास गेला नाही. हातांचाही गेला नाही. चिकूचा चीक नखांत जन्मभर राहिलाय माझ्या, त्याची कधी घाण वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

बऱ्याच वेळाने वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "हात धुवा." मी ओंजळ केली, त्यांनी वरून पाणी घातलं. पुन्हा आत जाऊन साबण आणला. परत पाणी घातलं. तांब्या रिकामा झाल्यावर म्हणाल्या, "सकाळी चहाला येत जा, भावजी. तुम्ही नाही आलात तर या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही."

मी मान हलवली.

"पण चिकू आणू नका. कधीच."

म्हणजे तुझा अंदाज चुकला, मोरू. घरात घेतलं त्यांनी. किंवा अर्धाच चुकला.

काल सकाळी गेलो. वाटेत दोनदा थांबून हातांकडे पाहिलं, काही विसरलो की काय म्हणून. तुझ्या ओट्यावर बसलो, पल्लवीने रिकामा कप समोर ठेवला, आणि चहा येईपर्यंत ते हात कुठे ठेवायचे ते मला कळेना.